एका पत्राने पुसलेले ८,४१५ कोटी

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींचे सुनील मोठा की सचिन यावरही एकमत होत नाही. येस बँकेच्या एटी-वन रोख्यांवर मात्र झाले आहे. बँकेतून निवृत्त झालेले, विमा महामंडळातले, महापालिकेतले, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेले असे सगळे एकच वाक्य बोलतात: जास्त व्याजाची हाव सुटली, पैसे गेले, आता कोर्टकचेऱ्या कशाला? अर्थपुरवण्यांतून हेच जरा सभ्य शब्दांत येते. जोखीम घेतली त्याने तोटाही घ्यावा, नुकसानभरपाई मागणे म्हणजे डाव हरल्यावर पट उधळणे.

हे मत आयुष्यभर हिशेब चोख ठेवलेल्या माणसांचे आहे. म्हणूनच ते तसेच सोडून देणे मला बरे वाटत नाही. त्याची बाजू मी शक्य तितकी ताकदीने मांडतो, मग माझी. निवाडा वाचकांनी करावा.

आधी घडले काय ते पाहू, कारण या प्रकरणात तारखाच साक्षीदार आहेत. ५ मार्च २०२०, गुरुवार. रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे संचालक मंडळ बरखास्त केले आणि स्टेट बँकेत मुख्य वित्त अधिकारी राहिलेले प्रशांत कुमार यांना प्रशासक नेमले. केंद्र सरकारने मोरेटोरियम लावला. खातेदाराला पन्नास हजारांवर काढता येईना. बँकेचे मुख्यालय तेव्हा सेनापती बापट मार्गावर, एल्फिन्स्टनच्या टॉवरात होते, म्हणजे पार्कातून चालत जाता येईल इतके जवळ. ६ मार्चला रिझर्व्ह बँकेने पुनर्रचना योजनेचा मसुदा जाहीर केला. त्यात एक कलम होते: बँकेचे एटी-वन रोखे पूर्णपणे आणि कायमचे निर्लेखित होतील. हरकती-सूचनांसाठी ९ मार्चपर्यंत मुदत होती. १३ मार्च, शुक्रवार. केंद्र सरकारने अंतिम योजना अधिसूचित केली. त्यात ते कलम नव्हते. १४ मार्च, शनिवार. प्रशासकांनी शेअर बाजारांना पत्र पाठवून कळवले, की ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-वन रोखे निर्लेखित झाले आहेत. १८ मार्चला संध्याकाळी मोरेटोरियम उठला.

हे रोखे दोन खेपांत काढलेले होते. २०१६ च्या डिसेंबरात ३,००० कोटींचे, साडेनऊ टक्क्यांनी. २०१७ च्या ऑक्टोबरात ५,४१५ कोटींचे, ९ टक्क्यांनी. प्रत्येक रोखा दहा लाखांचा. एटी-वन हा प्रकार साधा कर्जरोखा नव्हे. त्याला परतफेडीची तारीख नसते. अडचण आली तर बँक व्याज चुकवू शकते. तो बँकेच्या भांडवलातच धरला जातो आणि बँक तग धरू शकत नाही असे ठरले, तर तो पुसून टाकता येतो.

आता पूर्वपक्ष. तो म्हणतो: ही अट करारात छापलेली होती. रिझर्व्ह बँकेच्या बासेल-तीन परिपत्रकात स्पष्ट आहे, की बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खाली एखाद्या बँकेची पुनर्रचना करायचे ठरले, तर ती बँक तग धरू न शकणारी मानली जाईल आणि असे रोखे निर्लेखित होतील. मग प्रशासकाचे पत्र हे केवळ कळवणे होते. हक्क करारानेच संपला होता. बँकेचे मूळ भांडवल डिसेंबर २०१९ अखेर ०.६ टक्क्यावर आले होते आणि त्या एका तिमाहीचा तोटा साडेअठरा हजार कोटींच्या वर होता. अशा घरात भांडवल आणायचे, तर आधीचा बोजा उतरवल्याशिवाय कोण पैसा घालणार? स्टेट बँकेने ६,०५० कोटी घातले, इतर बँका आणि एचडीएफसी मिळून एकूण १०,००० कोटी आले, ठेवीदाराचा एक रुपयाही बुडाला नाही. आता इतक्या वर्षांनी रोखेधारकांना पैसे द्यायचे, तर ते ठेवीदार आणि करदात्याच्याच खिशातून जातील. आणि न्यायालयांनी तज्ज्ञांच्या आर्थिक निर्णयात ढवळाढवळ करू नये. जगातही असेच झाले आहे: ग्रीसच्या रोखेधारकांनी युरोपभर दारे ठोठावली आणि हात हलवत परत गेले.

पूर्वपक्ष कमकुवत नाही. यातला एक भाग मला सरळ मान्य आहे: एटी-वन रोखा घेणाऱ्याचे पैसे जाऊ शकतात, आणि योग्य रीतीने गेले तर त्याला तक्रारीला जागा नाही. वाद ‘योग्य रीतीने’ या दोन शब्दांवर आहे.

हावेपासून सुरुवात करू, कारण सगळा नैतिक जोर तिच्यावर आहे. २०१७ च्या ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीत केंद्र सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.३ टक्के देत होती, भारत सरकारच्या हमीसकट. येस बँकेचा रोखा नऊ. फरक पाऊण टक्क्याच्या आत. सरकारी योजनेला तेव्हा १५ लाखांची मर्यादा होती. ती भरल्यावर उरलेली रक्कम कुठे ठेवायची, हा प्रश्न दादरचे जुने घर विकलेल्या किंवा भविष्यनिर्वाह निधी हाती आलेल्या कोणत्याही निवृत्त माणसापुढे असतो. पाऊण टक्क्याला हाव म्हणायचे असेल, तर सहकारी बँकेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून ठेव हलवणारे आपण सगळेच हावरे ठरतो.

त्याहून महत्त्वाचे आहे ते हे, की या माणसांनी काय घेतले असे त्यांना सांगितले गेले होते. सेबीने १२ एप्रिल २०२१ च्या आदेशात बँकेला २५ कोटींचा दंड केला. सेबीचे निष्कर्ष असे: १,३४६ व्यक्तींना सुमारे ६७९ कोटींचे रोखे विकले गेले, त्यातले १,३११ जण बँकेचेच ग्राहक होते, २७७ जणांनी आपल्या मुदत ठेवी मुदतीआधी मोडून तो पैसा या रोख्यांत घातला, रोखे ‘सुपर एफडी’ म्हणून दाखवले गेले आणि जोखीम नीट सांगितली गेली नाही. बँकेने या आदेशाविरुद्ध अपील केले आणि अपीलीय न्यायाधिकरणाने त्याला स्थगिती दिली, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा हे अंतिम सत्य म्हणून मी पुढे करत नाही. पण जो नियामक कागदपत्रे तपासून बसला, त्याचा निष्कर्ष असा असताना कट्ट्यावरून हावेचा निकाल कसा देता येतो? जोखीम ‘घेतली’ असे म्हणायला ती आधी दिसावी लागते.

पूर्वपक्षाने इथे म्हणावे, आणि म्हणावेच: ८,४१५ पैकी ६७९ कोटी म्हणजे जेमतेम आठ टक्के, बाकी म्युच्युअल फंड, कंपन्या, मोठे खेळाडू. त्यांना कोणी फसवले? खरे आहे. सरासरी काढली तर या व्यक्तींचीही गुंतवणूक माणशी पन्नास लाखांच्या घरात जाते. हे गरीब नव्हेत आणि त्यांना गरीब म्हणून मी त्यांची वकिली करत नाही. फंडांत सामान्यांचाच पैसा असतो हा युक्तिवादही मी करणार नाही, तो फार सोपा आहे. फसवणुकीचा मुद्दा त्या आठ टक्क्यांपुरता. उरलेल्या ब्याण्णव टक्क्यांचा मुद्दा वेगळा आहे, आणि माझ्या मते अधिक भक्कम आहे. तो अधिकाराचा आहे.

कलम ४५ वाचा. पुनर्रचनेच्या योजनेत भागधारक, ठेवीदार आणि इतर धनको यांचे हक्क कमी करण्याची तरतूद करता येते, असे ते कलम सांगते. म्हणजे सरकारकडे अधिकार होता. कुणी नाकारत नाही. पण तो अधिकार योजनेतून वापरायचा असतो. योजनेचा मसुदा आधी हरकतींसाठी जातो, मग सरकार ती मंजूर करते, मग तिच्या प्रती संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवल्या जातात. एवढी पायरी-पायरीची व्यवस्था कायद्याने का घातली असावी? कुणाच्या तरी मालमत्तेवर एका रात्रीत नांगर फिरू नये म्हणून. मसुद्यात निर्लेखनाचे कलम होते. हरकती मागवल्या. अंतिम योजनेतून ते कलम गेले. आणि दुसऱ्या दिवशी, योजनेत नसलेले काम प्रशासकांनी पत्राने केले.

‘कलम अनावश्यक होते म्हणून गळले, करारात होतेच,’ असे उत्तर येते. मग मसुद्यात का घातले होते? रोखे पुसणे प्रचलित नियमांना धरूनच आहे, असे मसुद्याच्या त्या कलमातच म्हटले होते. म्हणजे लिहिणाऱ्यांना करार आणि परिपत्रक दोन्ही ठाऊक होते. तरी त्यांना योजनेत तसे लिहावेसे वाटले. लिहिले, लोकांना दाखवले आणि काढले. काढलेले कलम अजून तिथेच आहे असे समजून वागण्याला कोणत्या कायद्यात आधार आहे?

आणि ज्या परिपत्रकाच्या जोरावर पूर्वपक्ष उभा आहे, ते नीट वाचले तर ते त्याच्याच पायाखालची वाळू काढते. त्यात म्हटले आहे, की पुनर्रचना किंवा विलीनीकरण होण्याआधी हे रोखे निर्लेखित व्हावेत. आधी. पुनर्रचना झाली १३ मार्चला. पत्र गेले १४ ला. वरातीमागून घोडे ते हेच. ५ मार्चपासून १२ मार्चपर्यंत अख्खा आठवडा हातात होता. बँक तेव्हाही तितकीच डबघाईला आलेली होती. त्या आठवड्यात हे का झाले नाही? घाई होती म्हणावे, तर मसुद्यातले एक कलम राहू देण्यास घाईची अडचण कशी येते?

मुंबई उच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी, तेव्हाचे प्रभारी मुख्य न्यायमूर्ती संजय गंगापूरवाला आणि न्यायमूर्ती एस. एम. मोडक यांच्या खंडपीठाने, प्रशासकांचा निर्णय रद्द केला तो याच दिशेने विचार करून. न्यायालयाने रोख्यांचे भाव ठरवले नाहीत, बँकेचे भांडवल मोजले नाही, पुनर्रचना शहाणपणाची होती की नाही यावर मत दिले नाही. हे करण्याचा अधिकार या माणसाला होता का, एवढेच पाहिले, आणि नव्हता असे ठरवले. याला तज्ज्ञांच्या कामात ढवळाढवळ म्हणणारे मला चकित करतात. सही कुणाची चालते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा नाही. न्यायालयाने स्वतःच आपल्या निकालाला सहा आठवड्यांची स्थगिती दिली, ३ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुढे चालू ठेवली. शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचाच. पण ‘कोर्टात जाण्यासारखे काही नव्हतेच’ असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे त्या जानेवारीतच निकालात निघाले होते.

आता क्रम. भांडवलात सगळ्यात आधी भागधारक जळतो, मग एटी-वनवाला, मग बाकीचे. हे बँकिंगच्या पहिल्या धड्यात शिकवतात. येस बँकेत एटी-वनवाल्याचे शून्य झाले आणि जुना भागधारक टिकला. त्याचे तीन चतुर्थांश शेअर तीन वर्षे कुलपात गेले, पण राहिले. बँकेच्या कारभाराची जबाबदारी ज्याच्या मतदानाने ठरते तो वाचला आणि ज्याला मताचा अधिकारच नाही तो गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला. पूर्वपक्षाचे म्हणणे, क्रम फक्त बँक विसर्जित होताना लागू होतो. जिवंत ठेवताना नाही. कागदोपत्री याला आधार आहे, हे मी नाकारत नाही. पण मग आपल्याच देशातली पुढची घटना पाहा. त्याच वर्षी नोव्हेंबरात लक्ष्मी विलास बँक डीबीएस इंडियात विलीन झाली. तिथे भागभांडवल पूर्ण पुसले गेले, आणि ते योजनेतच लिहून. टियर-दोन रोखे ३१८.२० कोटींचे होते. ते विलीनीकरण अमलात येण्याच्या आदल्या दिवशी पुसले. भागधारकही गेला, रोखेधारकही गेला, आणि रोखे पुसले ते विलीनीकरणाआधी. त्याआधी २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँक ओरिएंटल बँकेत गेली तेव्हाही भागधारकांच्या हाती काही पडले नव्हते. म्हणजे क्रमही ठाऊक होता, रीतही ठाऊक होती. आठ महिन्यांत रीत सुधारली असेल, तर मार्चमधली चुकली होती हे मान्य करायला हरकत काय?

बाहेरचा दाखलाही इथेच द्यायला हवा. १९ मार्च २०२३ ला स्वित्झर्लंडच्या नियामकाने क्रेडिट सुईसचे सुमारे १६ अब्ज फ्रँकचे एटी-वन रोखे शून्य केले, आणि भागधारकांना यूबीएसकडून ३ अब्ज फ्रँक मिळाले. दुसऱ्याच दिवशी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या पर्यवेक्षकांनी आणि त्यांच्या सहयोगी संस्थांनी निवेदन काढून सांगितले, की आमच्याकडे आधी भागधारक, मगच एटी-वन. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्याच संघीय प्रशासकीय न्यायालयाने त्या निर्लेखनाला कायद्याचा आधार नव्हता असे म्हटले. नियामक वरच्या न्यायालयात गेला आहे. तरी एवढे दिसते, की मुंबईच्या न्यायालयाने विचारलेला प्रश्न वेडगळ नव्हता.

ग्रीसचा दाखला मात्र मी पूर्वपक्षाला सहज सोडणार नाही, कारण तो त्याच्या बाजूचा नाहीच. २०१२ मध्ये ग्रीसने खासगी रोखेधारकांच्या मूळ रकमेतून साडेत्रेपन्न टक्के कापले. सहा हजारांहून अधिक ग्रीक लोक स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेले आणि २१ जुलै २०१६ ला हरले. त्याआधी २०१५ मध्ये दोनशेवर खासगी गुंतवणूकदार युरोपीय मध्यवर्ती बँकेविरुद्ध भरपाई मागून हरले होते. इथवर पूर्वपक्ष बरोबर. पण ते हरले कशापुढे? ग्रीसच्या संसदेने त्यासाठी कायदा केला होता. त्या कायद्याखाली रोखेधारकांचे मतदान झाले होते आणि बहुमताचा निर्णय उरलेल्यांवर लागू झाला होता. आणि कापूनही त्यांच्या हाती काही पडले: मूळ रकमेच्या साडेएकतीस टक्क्यांचे नवे ग्रीक रोखे आणि पंधरा टक्क्यांचे युरोपीय मदतनिधीचे रोखे. दिवाळे निघालेल्या देशाने कायदा केला, मत घेतले आणि निम्म्याच्या आसपास कागद तरी हातात ठेवला. इथे कायदा नाही, मत नाही, हाती शून्य. ग्रीक माणूस हरला म्हणून येस बँकेचा रोखेधारकही हरलाच पाहिजे, हे अनुमान कोणत्या तर्कशास्त्रातले?

इतक्या लांब कशाला जा? सरदार सरोवर नर्मदा निगमचे रोखे आठवत असतील: १९९३ मध्ये ३,६०० रुपयांना घेतलेला कागद वीस वर्षांनी १,११,००० देणार होता. मुदतीआधी पैसे परत घेण्याची मुभा गुंतवणूकदाराला होती, निगमला नव्हती. गुजरात विधिमंडळाने २००८ मध्ये कायदा करून ती निगमला दिली आणि रोखा ५०,००० रुपयांवर मोडला. लोक चिडले, आणि माझ्या मते रास्तच चिडले. पण निदान विधिमंडळात हात वर करावे लागले. कुणाच्या नावावर काय नोंदले गेले ते कळले. शब्द मोडायचा तर तो विधिमंडळात मोडावा, शनिवारच्या पत्राने नव्हे, एवढी किमान मर्यादा त्या बदनाम प्रकरणानेही पाळली.

राहिला करदात्याचा खिसा. हा युक्तिवाद ऐकून भले भले गप्प बसतात. म्हणून हिशेब उघडू. मार्च २०२० च्या तिमाहीत येस बँकेने २,६०० कोटींहून अधिक नफा दाखवला. तो कुठून आला? रोखे पुसल्याने सुमारे ६,३०० कोटींची विशेष मिळकत जमेला धरली म्हणून. म्हणजे रोखेधारकाचा तोटा हवेत विरला नाही, बँकेच्या ताळेबंदात उतरला आणि पुढे भागधारकांच्या वाट्याला आला. त्या भागधारकांत तेव्हा सगळ्यात मोठी स्टेट बँक, जिने दहा रुपयांना शेअर घेतले होते. मे २०२५ मध्ये तिने येस बँकेतला आपला १३ टक्क्यांच्या वरचा हिस्सा जपानच्या सुमितोमो मित्सुईला २१.५० रुपयांनी विकण्याचे ठरवले, ८,८८९ कोटींना. स्टेट बँकेने आणीबाणीत पैसा घातला, तिला नफा मिळावा, मला आनंद आहे. पण भरपाई दिली तर ती ठेवीदाराच्या खिशातून जाईल हे खरे नाही. ज्यांच्या पदरात तो पैसा पडला, त्यांच्याकडून ती जाईल.

‘धडा मिळाला पाहिजे’ हे म्हणणेही मला फसवे वाटते. धडा कुणाला? ऑक्टोबर २०२० मध्ये सेबीने एटी-वन रोख्यांचे किमान वाटप आणि व्यवहाराची रक्कम एक कोटी केली आणि ते बड्या संस्थात्मक गुंतवणूकदारांपुरतेच ठेवले. बैल गेला आणि झोपा केला. हा झोपा बरोबरच आहे. पण तो बांधणाऱ्याने कबूल केले, की आधी दार उघडे होते. मग धडा उघड्या दारातून ज्यांना आत बोलावले त्यांनीच तेवढा शिकावा का?

भरपाई किती, हा प्रश्न उरतो, आणि इथे मी कट्ट्यावरच्या मंडळींशी अर्धी वाट चालायला तयार आहे. मुद्दल, नऊ-साडेनऊ टक्के व्याज आणि वर दंड, असे मी म्हणत नाही; बँक खरोखर बुडण्याच्या बेतात होती आणि एटी-वन म्हणजे भांडवलच. भांडवल म्हणून त्याचा विचार झाला असता, तर सगळ्यात सरळ मार्ग समोर होता: स्टेट बँकेने ज्या दहा रुपयांना शेअर घेतला त्याच भावाने रोख्याचे शेअर करायचे. दहा लाखांच्या रोख्याचे एक लाख शेअर. बँकेच्या डोक्यावर व्याजाचा बोजा नाही, ठेवीदाराला धक्का नाही, करदात्याला झळ नाही. रोखेधारकांच्या वाट्याला बँकेचा सुमारे ४० टक्के हिस्सा आला असता, हे खरे; नव्याने पैसा घालणाऱ्यांचा वाटा तेवढा कमी झाला असता, हेही खरे. त्यांनी कदाचित दहाऐवजी आठ रुपये भाव मागितला असता. तो भाव टेबलावर बसून ठरवता आला असता. तो ठरवायला कुणी कुणाला बसूच दिले नाही, एवढीच रोखेधारकांची तक्रार आहे. आणि तिला पूर्वपक्षाने अद्याप हावेपलीकडे उत्तर दिलेले नाही.